सिएनाचा पालिओ: दीड मिनिटाच्या शर्यतीसाठी आठवडाभराचा मुक्काम

पालिओ म्हणजे इटलीतल्या सिएना गावच्या चौकात होणारी घोड्यांची शर्यत. तो बघायचा तर २ जुलै, नाहीतर १६ ऑगस्ट. कधीमधी खास निमित्ताने तिसरा होतो, पण त्याच्या भरवशावर कोणी विमानाची तिकिटं काढत नाही. जुलैची शर्यत प्रोवेंझानोच्या मेरीच्या नावाने होते आणि १६५६ पासून चालत आली आहे. ऑगस्टची शर्यत मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणाला जोडलेली. आम्ही जुलैची निवडली. ऑगस्टच्या मध्यावर अर्धा इटली सुट्टीवर असतो, खोल्या महागतात, निम्मी दुकानं बंद असतात. शिवाय जुलैसाठी व्हिसाची अपॉइंटमेंट मार्चमध्ये घेता येते. मे-जूनची झुंबड तेव्हा सुरू झालेली नसते.

शर्यतीची तारीख ठरलेली असली तरी पाऊस ती मानत नाही. २०२४ मध्ये जुलैचा पालिओ पावसामुळे पुढे ढकलत ढकलत ४ तारखेला झाला. ओल्या मातीवर घोडे घसरतात, त्यामुळे शर्यत पुढच्या दिवशी जाते, पण रद्द होत नाही. म्हणून सिएनातला मुक्काम २९ जून ते ५ जुलै असा ठेवला आणि हॉटेल, विमा, परतीचं तिकीट, सगळं त्याच हिशेबाने केलं. ३ जुलैचं परतीचं विमान ठेवणं म्हणजे जुगार.

खोली आधी, व्हिसा नंतर. जुन्या तटबंदीच्या आतल्या खोल्या पालिओच्या आठवड्यासाठी कित्येक महिने आधी भरतात, त्यामुळे डिसेंबरमध्येच फुकट रद्द करता येईल असं बुकिंग करून ठेवलं. रात्रीचे १४० युरो पडले. तटाबाहेर, स्टेशनच्या बाजूला याहून स्वस्तात मिळतं. फक्त रात्री अकरा-बाराला चढ चढून यायची तयारी हवी. बुकिंगवर दोघांचीही नावं पासपोर्टप्रमाणे लिहून घ्या. एकाच्या नावाची पावती दुसऱ्याच्या फाइलला लावली की व्हिसाच्या काउंटरवर प्रश्न सुरू होतात.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांत एकच चालतो तो) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. इटलीचे अर्ज मुंबईत व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर घेतले जातात, निर्णय मात्र वाणिज्य दूतावासाचा असतो. केंद्रावरच्या माणसाने कागद पाहून मान डोलावली याचा अर्थ व्हिसा मिळाला असा नव्हे. मोठ्यांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, म्हणजे रुपयांत नऊ हजारांच्या घरात किंवा थोडी वर. सहा पूर्ण ते बाराच्या आतल्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना माफ. केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. एसएमएस, कुरियर, प्रीमियम लाउंज हे सगळं ऐच्छिक आहे. नको म्हटलं तरी अर्ज अडत नाही.

कागदांची यादी वेबसाइटवर आहेच, ती उतरवून काढत नाही. जिथे गाडी अडते ते सांगतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विम्याचं कव्हर किमान ३०,००० युरोंचं, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, उतरण्याच्या दिवसापासून निघण्याच्या दिवसापर्यंत. इथे एका दिवसाची तफावत सगळ्यात जास्त वेळा होते, कारण विमान मुंबईहून रात्री निघतं, तारीख बदलते आणि पॉलिसी मात्र आदल्या हिशेबाने काढलेली असते. बँक स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणि सही घ्या. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम उपयोगी पडत नाही, उलट खटकते. कंपनीच्या एनओसीमध्ये हुद्दा, रुजू झाल्याची तारीख आणि मंजूर रजेच्या तारखा असाव्यात. आयटीआर जोडायचे. कव्हर लेटरमध्ये दिवसवार कार्यक्रम लिहायचा आणि त्यातल्या तारखा हॉटेल, विमान, विमा या तिन्हींशी जुळतात का हे कुणा दुसऱ्याला वाचायला द्यायचं. आपल्या डोळ्यांना आपली चूक दिसत नाही. पालिओसाठी इतके दिवस एकाच गावात का, हे दोन ओळींत लिहिलेलं बरं, नाहीतर सात दिवस सिएना हे ट्रॅव्हल कंपनीच्या चष्म्यातून विचित्रच दिसतं.

मार्चमध्ये अपॉइंटमेंट, बोटांचे ठसे, फोटो, तासाभरात बाहेर. ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे आधी दिले असतील तर जुन्या व्हिसाची प्रत सोबत ठेवा. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस, ताणलं तर पंचेचाळीस. पासपोर्ट तीन आठवड्यांनी हातात आला. त्या काळात ट्रॅकिंगचं पान दिवसातून दहादा उघडून काही होत नाही, तरी उघडलं जातंच. आता युरोपात शिरताना सीमेवरही ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे. रोमला उतरून लगेच पुढची बस पकडायची असेल तर मध्ये ऐसपैस वेळ ठेवा.

रोमहून सिएनाला जायला तिबुर्तिना स्थानकाशेजारून थेट बस मिळते, साधारण तीन तास. रेल्वेने किउसीला गाडी बदलावी लागते. फ्लॉरेन्सहून येणार असाल तर जलद बस सव्वा तासात गावात आणून सोडते. रेल्वे दीड तास घेते आणि टेकडीखाली उतरवते. तिथून समोरच्या मॉलमधून सरकत्या जिन्यांची लांबलचक रांग वर जाते. बॅगा असतील तर ती सापडेपर्यंत धीर धरा, टॅक्सी लागत नाही. प्रादेशिक गाडीचं छापील तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचं. तिकीट आहे पण शिक्का नाही, याला दंड होतो. गावात दगडी फरसबंदी आणि चढउतार असल्यामुळे चाकांच्या मोठ्या बॅगेपेक्षा पाठीवरची सॅक बरी.

आता ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते. सिएनात १७ कोन्त्रादा आहेत, म्हणजे गावाचे सतरा भाग. त्यांच्या हद्दी १७२९ च्या फर्मानाने आखून दिल्या आणि त्याच आजही चालतात. प्रत्येकीचं चिन्ह, रंग, चर्च, संग्रहालय, कारंजं आणि जेवणाचा हॉल आहे. पुण्याच्या पेठा आणि त्यांची मानाची मंडळं डोळ्यांसमोर आणा, त्यात वर्षभर चालणारं सभासदत्व आणि पिढीजात वैर मिसळा, म्हणजे अंदाज येईल. ओका (हंस) आणि तोर्रे (मनोरा) यांचं वैर, कियोच्योला (गोगलगाय) आणि तार्तुका (कासव) यांचं वैर, आक्विला (गरुड) आणि पांतेरा (बिबट्या) यांचं वैर: ही यादी पाठ असलेली बरी, कारण दुकानात मिळणारा रंगीत रेशमी रुमाल गळ्यात घालून तुम्ही भलत्याच गल्लीत शिरू शकता. कोणी हात लावत नाही, पण चेहरे बदलतात. रुमाल घ्या, बॅगेत ठेवा.

चौकात जागा नसल्यामुळे एका वेळी दहाच धावतात. गेल्या वर्षी त्याच महिन्याच्या शर्यतीत न धावलेल्या सात हक्काने, उरलेल्या तीन चिठ्ठी टाकून. घोडा कोन्त्रादाच्या मालकीचा नसतो. तोही चिठ्ठीनेच मिळतो, आणि हे घडतं २९ जूनला दुपारी, पियात्सा देल काम्पोमध्ये, म्हणजे शर्यतीच्याच मुख्य चौकात. हा कार्यक्रम फुकट आहे आणि आमच्या मते बाहेरच्या माणसाने चुकवू नये असा हाच. पालाझ्झो पुब्लिकोसमोर (पालिकेची जुनी इमारत) नाव पुकारलं, चांगला घोडा मिळाला, की त्या कोन्त्रादाची माणसं किंचाळत, रडत, एकमेकांच्या अंगावर पडत घोड्याला घेऊन गल्लीकडे धावतात. वाईट घोडा मिळाला तर मान खाली घालून, गप्प. पुढच्या चार दिवसांचा मूड त्या क्षणी ठरतो. मग घोडा कोन्त्रादाच्या तबेल्यात राहतो आणि बार्बारेस्को नावाचा मोतद्दार त्याच्यासोबत झोपतो. घोडा गल्लीतून नेत असताना बाजूला व्हा, आवाज करू नका, फ्लॅश तर मुळीच नको. सांगायला कोणी थांबत नाही, सरळ ढकलतात.

त्याच संध्याकाळी पहिली चाचणी शर्यत. अशा सहा होतात: २९ ला संध्याकाळी, ३० ला सकाळ-संध्याकाळ, १ जुलैला सकाळ-संध्याकाळ आणि २ ला सकाळी शेवटची. सकाळची नऊच्या सुमारास, संध्याकाळची पावणेआठच्या आसपास. चौकाच्या मध्यभागी उभं राहून सगळ्या फुकट बघता येतात आणि अर्धा-पाऊण तास आधी पोचलं तरी चांगली जागा मिळते. चाचणीत स्वार पूर्ण जोर लावत नाहीत, घोड्याला वळणं दाखवतात. तरीही दोन-तीन बघाच. शर्यत कशी वाचायची ते इथे कळतं: कोणता घोडा सुरुवातीच्या दोरापाशी बिथरतो, कोण सान मार्तिनोच्या वळणावर बाहेर फेकला जातो, कोणाचे स्वार एकमेकांकडे बघून बोलतात. हे न बघता थेट २ तारखेला गेलं तर नव्वद सेकंद नुसता धुरळा दिसतो.

चौकाची रचना समजून घ्या. काम्पो शिंपल्यासारखा उतरता आहे, विटांच्या फरशीचे नऊ भाग खाली पालाझ्झो पुब्लिकोकडे जमा होतात. त्याच्या कडेकडेने, फरसबंदीवर पिवळसर मातीचा थर दाबून बसवतात, तीच धावपट्टी. शर्यत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तीन फेऱ्या. सुरुवात वरच्या बाजूला. मग फोन्ते गाया कारंज्यावरून पुढे उतार, आणि उताराच्या तळाशी काटकोनातलं सान मार्तिनोचं वळण. तिथे भिंतीला जाड गाद्या लावलेल्या असतात. मग पालाझ्झोसमोरचा सपाट भाग आणि कासातोचं चढावरचं वळण. मधल्या गर्दीत उभं राहायचं तर वरच्या अंगाला, कारंज्याच्या बाजूने कठड्याजवळ जागा धरा, म्हणजे उतारामुळे सान मार्तिनोपर्यंत नजर जाते. अगदी खोलगट भागात राहिलात तर पुढच्याचं डोकं दिसेल.

बाल्कनी किंवा कडेचे लाकडी बाक हवे असतील तर काही शे युरो मोजा आणि खूप आधी मोजा. ते बाक चौकाभोवतीच्या दुकानदारांच्या ताब्यात असतात. मधली जागा फुकट, पण तिची किंमत उन्हात उभं राहून चुकवावी लागते.

१ जुलैच्या रात्री धावणाऱ्या प्रत्येक कोन्त्रादाच्या रस्त्यावर लांबच लांब टेबलं मांडून जेवण होतं. काही कोन्त्रादा बाहेरच्यांनाही कुपनं देतात. महिनाभर आधी त्यांच्या वेबसाइटवरून ईमेल करून विचारायचं. एकाला ५० युरो पडले. शाकाहारी असाल तर मेलमध्येच लिहा, आणि मांसाचा सॉसही नको हे स्पष्ट सांगा. जेवण हजारभर माणसांचं असतं, ऐन वेळी कोणी बदल करत नाही. भाषणात कर्णधार आणि स्वार उभे राहतात आणि गाणी रात्री उशिरापर्यंत चालतात. तुम्ही पाहुणे आहात. टाळ्या वाजवा, कोण जिंकेल यावर मत देऊ नका.

२ जुलै. सकाळची चाचणी बघून खोलीवर परत, भरपूर पाणी, हलकं जेवण, टॉयलेट. दुपारी तीनच्या सुमारास प्रत्येक कोन्त्रादाच्या चर्चमध्ये घोड्याला आत नेऊन आशीर्वाद देतात. पाद्री शेवटी ‘जा आणि जिंकून ये’ असं म्हणतो. चर्च लहान, आत जागा मिळेलच असं नाही. हे बघायचं की चौकात लवकर जागा धरायची, यातलं एकच साधतं. आम्ही चौक निवडला, अडीचला आत.

चौकात शिरताना बॅगा तपासतात, काचेच्या बाटल्या आत जात नाहीत. प्लास्टिकच्या बाटलीत माणशी दोन लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएसची पुडी, टोपी, सनस्क्रीन, ओला रुमाल आणि सुका खाऊ एवढं न्या. छत्री उघडलीत तर मागचे बोंबलतील, त्यामुळे टोपीच. तापमान ३५ च्या आसपास आणि दुपारभर सावली नाही, विटा खालून तापतात. मध्ये टॉयलेट नाही, आणि एकदा बाहेर पडलं की परत त्या जागी येणं विसरा. लहान मुलं, गुडघ्यांचा त्रास असलेले आई-वडील, गर्दीत जीव घाबरणारी माणसं यांना इथे आणू नका. मुलांबद्दलचे आणि आत सोडण्याच्या संख्येबद्दलचे नियम पालिका त्या त्या वर्षी जाहीर करते, ते आधी बघा. सगळ्यात शेवटी बंद होणारा रस्ता व्हिया दुप्रेचा. उशीर झाला तर तिकडून प्रयत्न करायचा.

पाचच्या सुमाराला तोरे देल मांजाची, म्हणजे पालाझ्झोच्या उंच मनोऱ्याची, मोठी घंटा वाजू लागते आणि मिरवणूक संपेपर्यंत थांबत नाही. आधी घोडेस्वार काराबिनिएरी (इटलीचे लष्करी पोलीस) तलवारी उपसून एक फेरी भरधाव मारतात. मग ऐतिहासिक पोशाखातली मिरवणूक, प्रत्येक कोन्त्रादाचे झेंडे फिरवणारे, आणि शेवटी पांढऱ्या बैलांच्या गाड्यावर द्रापेल्लोने, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारं रंगवलेलं रेशमी निशाण. पैसे नाहीत, कप नाही, बक्षीस एवढंच. मिरवणूक दोन तासांच्या आसपास चालते. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू.

साडेसातच्या सुमाराला घोडे पालाझ्झोच्या अंगणातून बाहेर येतात. खोगीर नाही. हातात बैलाच्या वाळवलेल्या शिश्नाचा चाबूक, आणि तो दुसऱ्याच्या स्वारालाही मारायची मुभा. उभं राहण्याचा क्रम बंद पाकिटातून त्याच वेळी निघतो. नऊ घोडे दोन दोरांच्या मध्ये, दहावा मागे एकटा. तो दहावा वेगाने आत घुसला की पुढचा दोर पडतो. म्हणजे शर्यत कधी सुरू करायची हे त्या दहाव्या स्वाराच्या हातात असतं, आणि तो शत्रूच्या घोड्याचं तोंड वळलेलं असेल असा क्षण शोधत बसतो. कोन्त्रादा आपसांत आणि स्वारांशी पैशांचे सौदे करतात, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. सुरुवात पाच मिनिटांत होऊ शकते, तासही लागू शकतो. खोटी सुरुवात झाली की घोडे परत. अंधार पडला तर शर्यत उद्यावर. या वेळात चौक इतका शांत होतो की पुकारलेली नावं शेवटच्या माणसाला ऐकू येतात. कॅमेरा खाली ठेवा, नुसतं बघा.

मग दोर पडतो. सान मार्तिनोला पहिल्याच फेरीत कोणी ना कोणी पडतं. स्वार पडला तरी घोडा धावत राहतो आणि एकटा पहिला आला तरी जिंकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सेल्वा ही कोन्त्रादा अशीच जिंकली. घोडे जायबंदी होतात, आजवर अनेक मेलेत, आणि त्यावरून प्राणिप्रेमींचा विरोध इटलीतही कायम आहे. गाद्या, घोड्यांची वैद्यकीय तपासणी, शुद्ध रेसच्या जातीऐवजी मिश्र जातीचे घोडे, हे सगळं त्या विरोधानंतर कडक झालं. तरी हे ज्यांना बघवणार नाही त्यांनी जाऊ नये, असं स्पष्ट सांगायला हवं. आम्हांला पहिल्या वळणावर डोळे मिटावेसे वाटले.

संपल्यावर कठड्यावरून माणसांचा लोंढा धावपट्टीवर कोसळतो. वीस मिनिटं आहात तिथेच, कठड्यापासून दोन पावलं आत थांबा. जिंकलेले निशाण घेऊन प्रोवेंझानोच्या चर्चकडे पळतात (ऑगस्टमध्ये दुओमोकडे, म्हणजे गावच्या मुख्य चर्चकडे), मागे जाता येतं. मोठमोठी माणसं तोंडात लहान बाळाची चोखणी घालून नाचताना दिसतात, कारण जिंकलेली कोन्त्रादा नव्याने जन्मली असं मानतात. दुसरा आला तो सगळ्यात मोठा पराभूत. त्यांच्या गल्लीत त्या रात्री फोटो काढायला जाऊ नका.

बाकी सिएना चाचण्यांच्या मधल्या वेळात बघितली. दुओमोची संगमरवरी चित्रांची फरशी एरवी बरीचशी झाकलेली असते, उन्हाळ्यात काही आठवडे उघडी ठेवतात. तारखा तिकीट काढताना बघून घ्या. दुओमोशेजारी १३३९ मध्ये सुरू होऊन १३४८ च्या प्लेगमुळे अर्धवट राहिलेल्या नव्या दुओमोची भिंत आहे. तिच्यावर चढून गाव दिसतं, आणि मांजाच्या चारशेच्या आसपास पायऱ्यांपेक्षा हे सोपं जातं. पालाझ्झो पुब्लिकोतलं लोरेन्झेत्तीचं सुराज्य आणि कुराज्याचं भित्तिचित्र (१३३८-३९) चुकवू नका. पालिओच्या दिवसांत म्युझियमच्या वेळा बदलतात, त्यामुळे २ तारखेवर काही ठेवू नका. दुओमोत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

खाण्याचे हाल होत नाहीत. पिची नावाचे जाडे हाताने वळलेले नूडल्स लसूण-टोमॅटोच्या सॉसमध्ये मागा. काटेकोर शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, परमेसान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं. बिलात माणशी दोन-तीन युरो कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लागतो, ती फसवणूक नाही, रीत आहे. गावच्या कारंज्यांचं नळाचं पाणी पितात. शहराचा पर्यटन कर हॉटेलवाला माणशी, रात्रीमागे वेगळा घेतो. काही ठिकाणी तो रोखीतच मागतात, म्हणून सुटे युरो ठेवा.

ऑगस्टला जाणार असाल तर हेच सगळं १३ तारखेपासून सुरू होतं, शर्यत अर्धा तास आधी, सातच्या सुमाराला. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तो, देशभर सुट्टी, त्या दिवशी बस सुट्टीच्या वेळापत्रकाने आणि किराणा बंद. १४ ला संध्याकाळपर्यंत पाणी आणि फळं घेऊन ठेवा.